‘पूर्वीसारखें नाहीं !’

‘पूर्वीसारखें नाहीं’ हें वाक्य ज्या घरांत दिवसांतून एकदां तरी उच्चारलें जात नाहीं, असें घर आपल्याकडे शोधून सांपडावयाचें नाहीं. हापुसाला पूर्वीची गोडी नाहीं, पुरणपोळीला पूर्वीचा मऊपणा नाहीं, कीर्तनकारांना पूर्वीचें पाठांतर नाहीं, आणि मुलांत तर पूर्वीचें कांहींच नाहीं. शिक्षकाच्या पेशांत तीस-बत्तीस वर्षें घालविल्यामुळें हें वाक्य माझ्याही जिभेवर कायमचें बसलेलें. प्रत्येक नव्या वर्गाविषयीं माझें पहिलें मत तेंच असे. आणि गंमत अशी कीं, पांच-सात वर्षांनीं तोच वर्ग ‘पूर्वीचा चांगला वर्ग’ म्हणून मी पुढच्या मुलांच्या डोळ्यांपुढें उभा करीत असें. ह्या वाक्यांत सत्य किती व संवय किती, हा प्रश्न त्यामुळें मला नवा नव्हता. पण त्याचा थोडाबहुत उलगडा मला झाला तो अशा ठिकाणीं कीं, वाचकांस प्रथम हंसूंच येईल. कॅलिफोर्नियांतील तीन पन्नाशीला टेकलेल्या वादकांनीं गाण्यांचा एक नवा संग्रह काढला आणि त्यावर त्यांच्या श्रोत्यांत जो वाद माजला, त्या वादांत मला तो सांपडला.

गोष्ट २०२३ सालच्या आश्विनांतली. नवरात्र चालूं होतें. २० ऑक्टोबर, शुक्रवारचा दिवस. देवीची माळ बांधून मी देवघरांतून बाहेर येतों तों आमचे धाकटे चिरंजीव, वय वर्षें अडतीस, दोन मुलांचे बाप, कानांना तें ऐकण्याचें यंत्र लावून खिडकीशीं उभे, आणि डोळ्यांत पाणी. मी घाबरलों. विचारलें, “काय रे, कोणाचें कांहीं बरेंवाईट ?” तो डोळे पुसून ओशाळवाणें हंसला. “नाहीं बाबा. ब्लिंकचा नवा अल्बम आला आहे. तिघे पुन्हा एकत्र आले.”

“कोण तिघे ?”

त्यावर त्यानें जें सांगितलें, आणि पुढें मीं स्वतः चौकशी करून जें जमविलें, तें क्रमानें वाचकांपुढें ठेवतों.

पाश्चात्य संगीतांत ‘पंक’ म्हणून जो प्रकार आहे तो गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत न्यूयॉर्क व लंडन ह्या शहरीं रूढ झाला. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ ह्या मंडळींचा पहिला संग्रह १९७६ सालचा, व लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ ह्यांचा १९७७ सालचा. त्या काळच्या लोकप्रिय संगीतांत लांबलचक वादनें, भपकेदार रंगमंच आणि वाद्यांवरील कसरत ह्यांचें स्तोम माजलें होतें. त्याला कंटाळून ह्या तरुणांनीं अगदीं उलट टोक गांठलें. गिटारवरचे तीन-चार सोपे स्वरमेळ, दोन-तीन मिनिटांचें गाणें, धांवती लय, कानठळ्या बसविणारा आवाज. आणि कमावलेल्या गळ्याची अट नाहीं. पुढें कॅलिफोर्नियांतील ‘डिसेंडंट्स’सारख्या मंडळींनीं ह्या आरडाओरड्यांत सहज गुणगुणतां येईल अशी चाल मिसळली, व राजकारणाऐवजीं शाळा, घर, प्रेमभंग, कंटाळा असे विषय घेतले. हाच ‘पॉप-पंक’. १९९४ सालीं ‘ग्रीन डे’ ह्या मंडळींच्या एका संग्रहामुळें तो घरोघर पोंचला.

सॅन डिएगो शहराजवळ पॉवे म्हणून एक गांव आहे. तेथें १९९२ सालीं मार्क हॉपस, टॉम डिलाँग आणि एक ढोलवादक अशा तिघा पोरांनीं ‘ब्लिंक’ नांवाचें त्रिकूट स्थापिलें. आयर्लंडांत त्याच नांवाची दुसरी मंडळी निघाल्यामुळें त्यांना आपल्या नांवापुढें १८२ हा आंकडा जोडावा लागला. त्या आंकड्याचा अर्थ त्यांनीं आजवर अनेक तऱ्हांनीं सांगितला आहे. अर्थात् तो नसावा. १९९८ सालीं पहिला ढोलवादक जाऊन ट्रॅव्हिस बार्कर आला, आणि पुढील वर्षीं जून महिन्यांत जो संग्रह निघाला त्यानें हे तिघे जगभर प्रसिद्ध झाले. त्यानंतरचा २००१ सालचा संग्रह तर अमेरिकेच्या खपाच्या यादींत पहिल्याच आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर गेला. दोन्ही संग्रहांचीं नांवें येथें लिहिणें प्रशस्त नाहीं. त्यांचा विनोदही त्याच जातीचा, म्हणजे शेवटच्या बांकावरच्या मुलांचा. मात्र शेवटच्या बांकावरचीं मुलें पुष्कळदां वर्गांत सर्वांत एकटीं असतात, हें अनुभवी शिक्षकाला ठाऊक असतें. १९९९ च्या त्याच चावट संग्रहांत ‘अ‍ॅडम्स साँग’ म्हणून एक गाणें आहे. जीव नकोसा झालेल्या एका मुलाचें तें मनोगत आहे. आमच्या चिरंजीवांच्या पिढीनें ह्या मंडळींवर माया केली ती नुसत्या विनोदासाठीं नव्हे.

पुढें व्हावयाचें तें झालें. २००५ सालीं भांडणें होऊन त्रिकूट फुटलें. २००८ सालच्या ऑगस्टांत त्यांच्या संग्रहांची निर्मिति करणारा जेरी फिन वारला, आणि सप्टेंबरांत दक्षिण कॅरोलिनांतील कोलंबिया येथें बार्करचें विमान उड्डाणाच्या वेळीं कोसळलें. विमानांतील सहांपैकीं चौघे गेले. बार्कर वांचला, परंतु भयंकर भाजला. त्या रुग्णशय्येपाशीं अबोला सुटला व २००९ सालीं तिघे पुन्हा एक झाले. पण मनें पुरतीं जुळलीं नव्हतीं. २०११ चा संग्रह त्यांनीं बहुतांशीं निरनिराळ्या ठिकाणीं बसून ध्वनिमुद्रित केला. एकत्र कुटुंबांत एकाच घरांत दोन चुली मांडाव्या, तसा हा प्रकार. २०१५ सालीं डिलाँग पुन्हा बाहेर पडला. त्याच्या जागीं शिकागोच्या ‘अल्कलाइन ट्रिओ’ ह्या मंडळींतला मॅट स्किबा आला. त्याच्यासह २०१६ व २०१९ सालीं दोन संग्रह निघाले. त्यांतील पहिला, ‘कॅलिफोर्निया’, हाही पहिल्या क्रमांकावर गेला.

मग २०२१ सालीं हॉपसला कर्करोग झाला. रक्तांतील लसिकापेशींचा तो रोग चौथ्या अवस्थेला पोंचलेला. औषधोपचार होऊन त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो रोगमुक्त झाल्याचें जाहीर झालें. ह्या दुखण्यांत तिघे पुन्हा एकमेकांशीं बोलूं लागले. २०२२ च्या ऑक्टोबरांत डिलाँग परत आल्याची घोषणा झाली. आणि वर्षभरानें ‘वन मोअर टाइम’, म्हणजे ‘आणखी एकवार’, हा सतरा गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी आलें तें हा संग्रह ऐकून. हाही अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेला. नांवाच्या गाण्यांत विमानाचा अपघात व मित्राचें दुखणें ह्या दोहोंचा उल्लेख असून, मायेचा शब्द उच्चारण्याला माणसांना एवढ्या मोठ्या संकटाची वाट पाहावी लागावी, ह्याबद्दलचा खेद त्यांत आहे.

आतां श्रोत्यांकडे वळूं. त्यांचीं मतें चिरंजीवांनीं मला आठवडाभर ऐकविलीं, आणि जुन्या संवयीप्रमाणें मीं त्यांची वर्गवारी केली. एक पक्ष ऐकून रडला, व रडलों हें मोकळेपणानें सांगता झाला. दुसरा पक्ष म्हणाला, गाणीं बरीं आहेत, पण पूर्वीसारखीं नाहींत. तिसऱ्याची तक्रार नेमकी उलट : हीं अगदीं पूर्वीसारखींच आहेत, वीस वर्षांत हे लोक कांहीं शिकले नाहींत काय ? चौथा पक्ष म्हणे, पन्नास वर्षांच्या बाप्यांना पंधरा वर्षांच्या पोरांचे विनोद शोभत नाहींत. पांचव्याचा आक्षेप ध्वनिमुद्रणावर होता. ह्या संग्रहाची निर्मिति बार्करनें स्वतः केली. हल्लीं मुद्रणांत मंद स्वर उचलून व तीव्र स्वर दाबून सारें एका पातळीवर आणतात. ती युक्ति येथें इतकी वापरली आहे कीं, ऐकणाऱ्याला श्वास घ्यावयाला जागा राहत नाहीं, असें ह्या पक्षाचें म्हणणें. आणि सहावा, लहानसा पण कडवा पक्ष विचारीत होता कीं, स्किबानें सात वर्षें ही मंडळी जिवंत ठेविली, त्याचे आभार कोणीं मानावयाचे ?

ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर प्रथम देतों, कारण तें गोड आहे. आभार स्वतः डिलाँगनेंच मानले होते. परत येतांना त्यानें स्किबाला उद्देशून जाहीर पत्र लिहिलें, आणि आपल्या गैरहजेरींत मंडळी चालती ठेविल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. घरांत परतलेल्या भावानें, आपल्या मागें आईबापांची सेवा केलेल्या मावसभावाला नमस्कार करावा, तसें हें झालें. अशा प्रसंगीं आपल्याकडेही किती जणांना हें सुचतें, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

दुसऱ्या व तिसऱ्या पक्षांचें भांडण मात्र मला फार विचार करण्यासारखें वाटलें. तींच सतरा गाणीं. एक म्हणतो पूर्वीसारखीं नाहींत, दुसरा म्हणतो फारच पूर्वीसारखीं आहेत. दोघेही प्रामाणिक, दोघांनींही पूर्वीचे संग्रह शेंकडों वेळां ऐकलेले. तेव्हां भेद गाण्यांत नसून ‘पूर्वी’ ह्या शब्दांत असला पाहिजे. चिरंजीवांना मीं विचारलें, “तुझी ‘पूर्वी’ कोणती ?” तो म्हणाला, “अकरावी-बारावी.” म्हणजे गाण्याची तुलना दुसऱ्या गाण्याशीं होतच नव्हती. ती अकरावीच्या पावसाळ्याशीं, सायकलवरून डबलसीट हिंडण्याशीं, परीक्षेच्या धास्तीशीं आणि तेव्हांच्या आशांशीं होत होती. त्या तुलनेंत कोणतें नवें गाणें उत्तीर्ण होणार ?

कालिदासानें हा प्रश्न दोन ठिकाणीं हाताळला आहे, असें मला ह्या निमित्तानें दिसलें. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत सूत्रधाराचा सहकारी विचारतो कीं, भास, सौमिल्ल, कविपुत्र ह्यांच्यासारखे कीर्तिमान् नाटककार सोडून ह्या हयात कालिदासाला एवढा मान कां ? त्यावर सूत्रधाराचें उत्तर वाचकांपैकीं पुष्कळांना शाळेंतल्यापासून मुखोद्गत असेल. जुनेपणा हें गुणाचें प्रमाण नव्हे व नवेपणा हा दोष नव्हे. जाणत्यानें स्वतः पारखावें, हा त्याचा इत्यर्थ. परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या श्रोत्यासाठीं ह्याहून चांगला नियम नाहीं. आजचा ‘जुना’ ब्लिंकही एकदां नवा होताच. त्यांचा २००३ सालचा संग्रह, ज्याला त्यांनीं नांवच ठेविलें नाहीं, तो आला तेव्हां त्यांतील गांभीर्य पाहून कितीएक श्रोते नाराज झाले होते. हंसविणाऱ्यांनीं हें काय आरंभिलें, असें त्यांना झालें. आज त्यांच्याच पैकीं पुष्कळ जण त्या संग्रहाला ह्या मंडळींची सर्वोत्तम कृति मानतात. गाणीं जशीच्या तशीं राहिलीं. श्रोते मात्र वयानें वाढले.

परंतु श्रोता नेहमींच परीक्षकाच्या खुर्चीवर नसतो. ‘शाकुंतला’च्या पांचव्या अंकारंभीं हंसपदिका आंतून गात असते. दुष्यंत तें गाणें ऐकतो आणि कारण नसतां व्याकुळ होतो. शकुंतलेला तो विसरलेला आहे. आपण कोणाच्या विरहांत आहों हें त्याला ठाऊक नाहीं. तरी गाण्यानें त्याच्या अंतरांतली, त्यालाच न दिसणारी गांठ हालविली. मीं हा प्रवेश वर्गांत कितीदां शिकविला असेल ! अलंकार सांगितले, समास सोडविले. पण राजाला प्रश्न गाण्यानें घातला असून उत्तर मात्र गाण्यांत नाहीं, हें मला खिडकीशीं उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून कळलें.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. २००१ सालीं हाच मुलगा अकरावींत असतांना त्याच्या संस्कृतच्या वहीखालीं मला एक कॅसेट सांपडली. वेष्टनावर एका परिचारिकेचें नको तसें चित्र. मीं ती ऐकली नाहीं. ऐकण्याचा विचारही मनांत आला नाहीं. त्या दिवशीं रद्दीवाला आला होता. जुन्या मासिकांबरोबर मीं तीही त्याच्या पोत्यांत टाकली. संध्याकाळीं मुलानें कपाट शोधलें, माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि तो जेवावयास बसला. त्यानें विचारलें नाहीं, मीं सांगितलें नाहीं. बावीस वर्षें आमच्यांत त्या गोष्टीचा उल्लेख झाला नाहीं. ज्यानें मुलांना ‘आधीं वाचा, मग बोला’ असें आयुष्यभर बजाविलें, त्यानें स्वतःच्या घरीं न ऐकतां निकाल दिला होता.

म्हणून त्या दिवशीं मीं म्हटलें, “मला ऐकव.”

“तुम्हांला आवडणार नाहीं, बाबा.”

“नसेल आवडत. पण तें ऐकल्यावर ठरूं दे. ती कॅसेट मीं न ऐकतां टाकली होती.”

तो हंसला. “ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं रद्दीवाल्याला गांठून आठ रुपयांना परत आणली होती.”

‘आम्ही दोघे’ म्हणजे तो आणि त्याचा एक वर्गमित्र. ती कॅसेट दोघांनीं पैसे घालून घेतलेली, आठवडा ह्याच्याकडे, आठवडा त्याच्याकडे. हा मित्र आमच्याकडे इतका येई कीं, सौभाग्यवती पोळ्या मोजतांना त्याच्या दोन धरूनच मोजीत. पुढें दोघांनीं भागींत एक लहानसा धंदा केला, तो बुडाला, आणि हिशेबाच्या वादांत २०१६ सालीं दोघांचें बोलणें तुटलें. मित्र नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत गेला. आमच्या घरांत त्याचें नांव निघेनासें झालें.

संग्रह आम्हीं बापलेकांनीं बसून ऐकला. पाऊण तास लागला. वाचकांस माझें मत हवें असेल तर देतों. आवाज माझ्या कानांना फार झाला, आणि पांचव्या पक्षाचा आक्षेप मला मान्य आहे. सर्वच गोष्टी ओरडून सांगितल्या म्हणजे कोणती महत्त्वाची हें कळत नाहीं, हें वर्ग घेणाऱ्या कोणालाही पटेल. एका गाण्याचें नांव येथें छापतां येणार नाहीं, आणि तें नसतें तर बिघडलें नसतें. एक गाणें अर्ध्या मिनिटाच्या आंत संपलें, त्यामुळें त्याविषयीं मत बनविण्यास सवड मिळाली नाहीं. पण बार्करच्या हातांतली सफाई, शब्द न कळणाऱ्या माणसालाही कळते. आणि नांवाचें गाणें संथ आहे. तें मीं दोनदां ऐकलें. डिलाँगचा स्वर किंचित् सानुनासिक व चढा, हॉपसचा खालचा व साधा. हे दोन गळे एकमेकांना वाट करून देत गातात तेव्हां त्यांत भांडून परत आलेल्या माणसांचा संकोच ऐकूं येतो. हॉपसच्या दुखण्यावरचें जें गाणें आहे, त्याचा आरंभ ऐकून चिरंजीव म्हणाले कीं, हा ‘अ‍ॅडम्स साँग’ची आठवण करून देणारा आहे. मग त्यानें मला तें जुनें गाणें लावून दाखविलें. तेव्हां मरावेंसें वाटणाऱ्या पोराचें गाणें गाणारा माणूस चोवीस वर्षांनीं जगावेंसें वाटणाऱ्या रोग्याचें गाणें गात होता. हें ज्याला आरंभींच्या चार स्वरांत ऐकूं येतें, तो श्रोता रडला तर त्यांत आश्चर्य काय ? आणि मला हें सांगितल्याशिवाय ऐकूं आलें नाहीं. ‘पूर्वी’ ही नुसती अडचण नसून ऐकण्याचें साधनही आहे, हें मला तेव्हां मान्य करावें लागलें. ज्याच्यापाशीं पूर्वीचें गाणें नाहीं, त्याला नवें गाणें अर्धेंच ऐकूं येतें.

त्या रात्रीं चिरंजीवांनीं सात वर्षांनंतर त्या मित्राला दोन शब्द लिहिले : “ऐकलेंस का ?” दुसऱ्या दिवशीं सकाळीं उत्तर आलें. त्यानें तें मला दाखविलें, म्हणून जसेंच्या तसें देतों. “ऐकलें. ढोल फार पुढें आहेत. पूर्वीसारखें नाहीं.” ह्यानें लिहिलें, “नाहीं.” मग बराच वेळ कांहीं आलें नाहीं. मी वर्तमानपत्र वाचीत असल्याचें सोंग करीत होतों. नंतर आलें तें असें : “काकूंचे गुडघे कसे आहेत ?”

त्या दिवसापासून श्रोत्यांच्या अभिप्रायांकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. ढोल पुढें आहेत कीं मागें, हा अभिप्राय खरा होता. त्याची चिकित्सा करतां येते व करावी. पण तो लिहिणाऱ्याला त्या क्षणीं कांहीं तरी दुसरें म्हणावयाचें होतें, आणि तें म्हणण्यास त्याच्यापाशीं ह्याखेरीज वाट नव्हती. जगभर ह्या संग्रहावर जे हजारों लोक वाद घालीत होते, त्यांतील कितीकांना असाच कोणी तरी जुना भागीदार ऐकावयास हवा असेल ! आणि आपल्या घरांतला आजोबा ‘आमटी पूर्वीसारखी नाहीं’ म्हणतो, तेव्हां त्याला आमटीबद्दल बोलावयाचें असतें, कीं ती करणाऱ्या हातांबद्दल, जे आतां नाहींत ? सुनांनीं त्यावर रागावूं नये, आणि आजोबांनीं एवढ्यावर थांबूं नये. पुढचें वाक्यही बोलावें.

गोष्ट येथें गोड करून संपविली तर वाचक मला खोटें पाडतील, म्हणून राहिलेलेंही सांगतों. दोघां मित्रांचा हिशेब अद्याप मिटलेला नाहीं; त्या विषयाला दोघेही हात घालीत नाहींत. संग्रहाबद्दलही त्यांचें एकमत नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत त्याच संग्रहाला नव्या गाण्यांची पुरवणी जोडून निघाली, तेव्हां वाद नव्यानें सुरू झाला. मित्र तर आतां सहाव्या पक्षांत सामील झाला असून, स्किबाच्या वेळचा ‘कॅलिफोर्निया’ हाच ह्या सर्वांत सरस, असें त्याचें ठाम म्हणणें आहे. तो परदेशीं नवखा असतांना एकट्यानें ऐकला तो संग्रह तोच होता, हें आमच्या चिरंजीवांच्या ध्यानांत आलें आहे. पण तो तसें त्याला म्हणत नाहीं. “चूक आहे तुझें,” एवढेंच लिहितो, आणि मित्र लगेच चार ओळींचें उत्तर पाठवितो.

मला स्वतःला एक लहानसा नियम ह्यांतून मिळाला. नातवंडें आतां आपापल्या यंत्रांवर जें कांहीं ऐकतात तें मला ओळखूंही येत नाहीं. ‘पूर्वीसारखें नाहीं’ हें वाक्य ओठांवर येतें. तेव्हां मी त्यांच्याजवळ जाऊन बसतों व म्हणतों, “पाव तास मलाही ऐकवा.” पाव तासानंतर बहुधा माझें मत तेंच राहतें. परंतु तोंवर नातीनें आपलें यंत्र माझ्या एका कानाला लावलेलें असतें, दुसरें टोंक तिच्या कानांत असतें, आणि कोणती ओळ तिला आवडते हें ती मला कोपरानें ढोंसून सांगत असते. वाचकांनींही हा प्रयोग करून पाहावा, आणि काय ऐकूं आलें तें अवश्य कळवावें.